जू आणि विसावा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय कळविला तो असा : 'रोजची ओढाताण आणि ख्रिस्ती श्रद्धेतील शांती'. ते पत्र हाती पडले त्या रात्री आम्हांला नीट झोप आली नाही, ही गोष्ट आरंभीच कबूल करून टाकतो. शांतीवर बोलावयाचे म्हणून जो अशांत झाला, त्याने या व्यासपीठावर उभे राहावे की नाही, याचा निवाडा आपण करावा. आम्ही मात्र उभे राहिलो आहोत, आणि वैशाखातला उकाडा सोसून आपणही बसला आहात, तेव्हा एकमेकांना सांभाळून घेऊ.

दुसरी एक अडचण होती. आम्ही जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती. समोरचे बहुतेक श्रोते तसे नाहीत. आम्ही बोलू लागलो म्हणजे हा प्रवचन करतो आहे की काय अशी शंका कोणासही यावी. परंतु वर्ध्यात तरी हा संकोच धरण्याचे कारण नाही असे विचारांती वाटले. कुराणाचे सार काढणाऱ्या विनोबांनी ख्रिस्त-धर्माचेही सार काढले. सेवाग्रामात नई तालीमचा संसार ज्यांनी आशादेवींच्या बरोबर उभा केला, ते आर्यनायकम् सिंहलद्वीपातले ख्रिस्ती होते. आणि ज्यांच्याविषयी आज आम्ही अधिक बोलणार आहोत, ते मगनवाडीचे कुमारप्पा तर ख्रिस्ती म्हणूनच जगले आणि ख्रिस्ती म्हणूनच गेले. तेव्हा आम्ही परक्या अंगणात बोलत नाही. आपल्याच घरातल्या एका खोलीचे दार थोडे उघडून दाखवितो, इतकेच.

'ताण' हा शब्द आता फार ऐकू येतो. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या बाया 'जिवाला घोर लागला' म्हणत, किंवा नुसतेच 'काळजी' म्हणत. या काळजी शब्दापाशी आपण जरा थांबू, कारण आपल्या मराठीने येथे एक फार मोलाची गोष्ट करून ठेवली आहे. आपण म्हणतो 'काळजी घेतली' आणि आपण म्हणतो 'काळजी केली'. शब्द एकच, क्रियापद बदलले की अर्थ पार उलटतो. आजारी पोराची काळजी घेणारी आई रात्रभर जागते, औषधाच्या वेळा पाळते, कपाळावरची पट्टी बदलते. काळजी करणारा शेजारी ओट्यावर बसून 'आता याचे कसे होणार' म्हणत सुस्कारे टाकतो. जागरण दोघांचेही होते, पण सकाळी पोराला उपयोग एकीचाच झालेला असतो.

डोंगरावरील प्रवचनात ख्रिस्ताने उद्याची चिंता करू नका असे सांगितले, त्यावर पुष्कळ सुज्ञ लोक हसतात. ते म्हणतात, हा उपदेश पाखरांना ठीक आहे, आम्हांला मुलांची फी भरायची असते. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की पाखरांकडे एकवार नीट पाहा. अंगणातली चिमणी घरट्यात आ वासून बसत नाही. तांबडे फुटल्यापासून तिची दाणे टिपण्याची घाई चाललेली असते. ती काळजी घेते, काळजी करीत नाही. ख्रिस्ताने मनाई केली ती करण्याला, घेण्याला नव्हे. बियाणे वेळेवर आणणे, तुरीवर अळी दिसली की उपाय करणे, पोरीचे दाखले वेळेत काढणे ही कामे त्याने कोणाला माफ केलेली नाहीत.

पण 'करू नका' म्हटल्याने कोणाची काळजी थांबली आहे ? तापलेल्या माणसाला 'तापू नकोस' म्हणण्यासारखे ते झाले. म्हणून ख्रिस्ताने दुसऱ्या एका प्रसंगी जे बोलावणे केले ते आपण लक्षात घेतले पाहिजे. कष्टी आणि ओझ्याखाली दबलेल्या सगळ्यांना तो आपल्याकडे ये म्हणतो, विसावा देईन म्हणतो. आणि लगेच पुढे काय देतो? गादी नव्हे, बाज नव्हे. तो म्हणतो, माझे जू खांद्यावर घ्या. थकलेल्या बैलाला विसावा म्हणून दुसरे जू ! पहिल्याने हे वाचले तेव्हा आम्हांस ही थट्टा वाटली होती.

ही थट्टा नाही हे आम्हांला पुस्तकाने नव्हे, शेताने शिकविले. ज्यांनी बैल जुंपले आहेत त्यांना ठाऊक आहे, की बैलाला मारते ते ओझे नव्हे, वाईट बसलेले जू. एका अंगाला जड झालेले, गाठ राहिलेले, खांद्याच्या मापाचे नसलेले जू अर्ध्या दिवसात खांदा सोलून काढते. तेच ओझे चांगल्या सुताराच्या हातच्या जुवाखाली बैल दिवसभर ओढतो आणि संध्याकाळी कडब्याला तोंड लावतो. येशू हा सुतार होता हे सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने तर तो नांगर आणि जू घडवीत असे, असे लिहून ठेवले आहे. आपले जू 'सोपे' आहे असे तो म्हणतो, तेथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता सोपे असा नाही. भले, कामाचे, मायाळू अशा छटा त्यात आहेत. सुतार आपल्या हातच्या कामाविषयी बोलतो आहे.

आणखी एक. जू बहुधा दोघांचे असते. नवख्या गोऱ्ह्याला आपण एकटा जुंपत नाही. जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला देतो. वळायचे कोठे, थांबायचे केव्हा, हे त्या जुन्याला माहीत असते. नवख्याने फक्त त्याच्या पावलाने चालावयाचे. ख्रिस्ती माणूस ज्याला 'आज्ञापालन' म्हणतो ते आमच्या समजुतीप्रमाणे एवढेच आहे.

तेव्हा प्रश्न जू घ्यावे की न घ्यावे हा नाहीच. बिनजुवाचा माणूस आम्ही अद्याप पाहिला नाही. 'लोक काय म्हणतील' हे एक जू. शेजाऱ्याने मुलीच्या लग्नात मांडव घातला त्याहून दोन हात मोठा घातला पाहिजे, हे एक जू. आता खिशातल्या फोनचेही एक जू झाले आहे. तो वाजला की मान वळते. एका मानेवर अशी पाच-सात जुवे आणि प्रत्येकाची ओढ निराळ्या दिशेला, यालाच आम्ही रोजची ओढाताण म्हणतो. हा शब्द बैलांकडूनच आला असेल तर नवल नाही. एकच धनी, एकच जू आणि एका दिवसापुरतेच शेत, एवढे ज्याने ठरविले त्याचे कष्ट कमी होत नाहीत, पण ओढाताण थांबते. आमचे आजचे म्हणणे इतकेच आहे. आता त्याचा पुरावा पाहू, आणि तो आपल्याच गावात आहे.

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म 1892 साली तंजावरास एका सुशिक्षित तमिळ ख्रिस्ती घरात झाला. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीस झाले, मुंबईत धंदा चांगला चालला, पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज व कोलंबिया या विद्यापीठांत शिकले. कोलंबियात हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा सरकारी जमाखर्चाशी काय संबंध आहे याचा त्यांनी अभ्यास केला आणि हिशेबनिसाचे डोळे उघडले. 1929 साली तो प्रबंध छापून यावा म्हणून ते साबरमतीला गांधीजींना भेटावयास गेले. अंगावर रेशमी सूट, हाती छडी. झाडाखाली एक म्हातारा सूत कातीत बसला होता. भेटीच्या वेळेला अवकाश होता म्हणून हे गृहस्थ छडीवर रेलून गंमत पाहत उभे राहिले. तो म्हाताराच गांधी आहे हे कळल्यावर सुटासकट शेणाने सारविलेल्या जमिनीवर बसले. तेथून त्यांनी गुजरातेतील मातर तालुक्याची पाहणी हाती घेतली, आणि मुंबईचा तो धंदा, तो सूट, ती छडी पुन्हा त्यांच्या आयुष्यात आली नाही.

1934 च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचे बिऱ्हाड वर्ध्यास आले. जमनालालजींनी आपला बगिचा व बंगला दिला. मगनलाल गांधींच्या नावाने ती मगनवाडी झाली. आपल्यापैकी कित्येकजण रोज तिच्यावरून जातात. 1938 च्या डिसेंबरात उघडलेले मगन संग्रहालय तेथे आहे. त्या आवारात कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, ताडगूळ, सुधारलेली चूल, वनस्पती-तेलावर जळणारा दिवा यांवर वर्षानुवर्षे खटपट केली. कोलंबियाचा पदवीधर घाणीच्या लाटेला किती कोन द्यावा याचा विचार करीत बसला, यातच पुष्कळ आले.

कुमारप्पांच्या या सगळ्या खटपटीच्या मुळाशी ख्रिस्ताची आज्ञा होती, आणि हे ते लपवीत नसत. 1930 च्या सत्याग्रहात हिंदुस्थानातील अँग्लिकन पंथाचे सर्वांत वरिष्ठ धर्माधिकारी, कलकत्त्याचे डॉ. वेस्टकॉट यांनी असा अभिप्राय दिला की कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. कुमारप्पांनी त्यांना जाहीर उत्तर दिले. आपल्याच धर्मातल्या एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला, ख्रिस्ताच्याच आधारे ! आज्ञापालन म्हणजे मान खाली घालणे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा प्रसंग ध्यानात धरावा. धनी एकच ठरला की बाकीचे धनी आपोआप लहान होतात. बिशपही होतात, सरकारही होते.

धनी लहान होण्याचा हा नियम त्यांनी गांधीजींनाही लावला. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदत समितीच्या पैशाचा हिशेब त्यांच्याकडे होता. तेव्हाची एक गोष्ट सांगतात. गांधीजी पाटण्यास आले आणि त्यांनी कुमारप्पांना बोलावणे धाडले; यांनी निरोप पाठविला की हिशेबाचे काम चालू आहे, वेळ आधी ठरलेली नाही, येता येत नाही. गांधीजींना राग आला नाही म्हणतात. आम्ही नोकरीत होतो तेव्हा साहेबांच्या शिपायाची नुसती सावली दारात पडली तरी आमचा हात थांबत असे. त्यामुळे ही गोष्ट आम्हांला नेहमी थोडी बोचते.

1942 नंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरचे, दुसरे येशूच्या आचरणावर आणि उपदेशावरचे. या दुसऱ्या पुस्तकाच्या नावातला शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आचरण आधी, उपदेश मागून. गांधीजींनी कौतुकाने त्यांना एक ग्रामोद्योगाची आणि एक धर्मशास्त्राची अशा दोन पदव्या बहाल केल्या होत्या. कोणत्याही विद्यापीठाने न दिलेल्या त्या पदव्या कुमारप्पा मिरवीत असत. तुरुंगात ज्याला अर्थशास्त्र आणि शुभवर्तमान ही एकाच टेबलावर ठेवून लिहिता येतात, त्याची मनःस्थिती कशी असेल याचा आपण अदमास करू शकतो.

तथापि येथे आम्हांला एक खरी गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे चरित्र गुळमट होईल. कुमारप्पा शांत स्वभावाचे मुळीच नव्हते. ते तापट होते, वेळेच्या बाबतीत कडक होते, शब्द तिखट वापरीत. रक्तदाबाच्या विकाराने त्यांना पुष्कळ वर्षे छळले. मग ही कसली शांती, असे कोणी विचारील. आम्हीही विचारले होते. आमचे उत्तर असे आहे की नाडी शांत असणे आणि मनुष्य शांत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ख्रिस्ताला धरून नेले त्या रात्री गेथशेमाने बागेत त्याला घाम फुटला होता, तो रक्ताच्या थेंबांसारखा गळत होता असे लूकने लिहिले आहे, आणि लूक परंपरेने वैद्य मानला जातो. त्या घामातच तो बापाची इच्छा होवो म्हणाला. घाम थांबला असे कोठे लिहिलेले नाही. पण त्यानंतर तो उठला आणि त्याला धरावयास आलेल्यांना स्वतः सामोरा गेला. कुमारप्पांची शांती या जातीची होती. शरीर कुरकुरत होते, पण कोणाचे काम करावयाचे याविषयी मनात दोन मते नव्हती.

स्वातंत्र्य आल्यावर त्यांना मोठी पदे धरता आली असती. ते काय करतात ? मगनवाडी सोडून आपल्याच जिल्ह्यातील सेलडोहला जातात आणि तेथे पन्नै आश्रम नावाने शेतीचा प्रयोग मांडतात. प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून पुढे मदुरेकडे कल्लुपट्टीस गेले. तेथल्या झोपडीत एक चित्र गांधींचे आणि एक गरीब शेतकऱ्याचे होते. पहिल्याला ते आपला धनी म्हणत आणि दुसऱ्याला धन्याचा धनी. 1960 साली 30 जानेवारीला, गांधीजींच्याच दिवशी, ते वारले.

शेतकऱ्याचे नाव निघाले, तेव्हा ज्या आक्षेपाला आम्ही भिऊन होतो तो आता घेतलाच पाहिजे. 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, कारण शेतकरी आपल्या हाताने जीव देत होते. त्या सहांत वर्धा होता. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला त्या घरी जाऊन 'श्रद्धा ठेवा, शांती मिळेल' म्हणण्याची आमची छाती नाही. तुमची होत असेल तर तुम्ही आमच्याहून थोर आहात, किंवा तुम्हांला काही कळत नाही.

पण ख्रिस्ती शास्त्रात शांती आणि कर्ज यांचे नाते पाहून आम्ही स्वतः चकित झालो. येशू ज्या समाजात वाढला त्याच्या हिब्रू भाषेत शांतीला 'शालोम' म्हणतात. आपल्याला ओळखीचा असलेला 'सलाम' त्याचाच भाऊ. त्या शब्दाच्या मुळाशी पूर्ण होणे, धड होणे ही कल्पना आहे. आणि त्याच धातूपासून देणे चुकते करणे या अर्थाचे क्रियापद होते. म्हणजे त्या भाषेत ज्याचे देणे फिटले तो शांत. त्या लोकांच्या धर्मशास्त्रात आज्ञाही तशाच आहेत. दर सातव्या वर्षी कर्ज सोडावे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, कारण त्याने रात्री काय पांघरावे ? जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते त्याचे पोट आहे. पाहा, यातली एकही आज्ञा कर्जदाराला केलेली नाही. सगळ्या सावकाराला आहेत. ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली तीतही, मत्तयाने दिलेल्या पाठात, आजची भाकरी मागितल्याबरोबर ऋण सोडण्याची गोष्ट येते, आणि तीही आम्ही इतरांचे सोडले आहे त्या मापाने. महिन्याची भाकरी नव्हे, आजची. कुमारप्पांनी सरकारच्या चलनवाढीवर ग्रामोद्योग पत्रिकेत टीका केली तेव्हा 'भाकरीऐवजी धोंडा' अशा अर्थाचे शीर्षक दिले होते. ती उपमा शुभवर्तमानातली आहे. तेव्हा ख्रिस्ती शांतीचे वाटेकरी होण्याचे आज्ञापालन आधी देणाऱ्याने, तोलणाऱ्याने, भाव ठरविणाऱ्याने करावयाचे आहे. दबलेल्या माणसाला शांत राहा सांगणे हा धर्म नव्हे, सोय आहे, आणि ती सांगणाऱ्याची सोय आहे.

येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. 1895 साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि घरावर कुऱ्हाड कोसळली. लक्ष्मीबाई पाच वर्षे त्या वणव्यात होत्या. नवऱ्याची आज्ञा म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांच्या स्वतःच्या मनाने घेतले, मग 1900 साली त्या झाल्या. दुसऱ्याच्या हुकमाने घेतलेल्या जुवाखाली विसावा नसतो, हे त्या बाईला पुरते कळले होते. टिळक 1919 साली गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे करीत नेले. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्या घरातली भांडणे, उपास आणि हसणे ही सगळी एकाच वेळी आठवतील. हसणे विशेष.

थोरांचे पुष्कळ झाले. आता आमची एक गोष्ट सांगतो. तिच्यात काही थोर नाही.

वडिलांच्या मागे आम्हां दोघा भावांत शेताची वाटणी झाली. मधला धुरा वडील बंधूंनी आमच्या अंगाला दोन तास सरकविला, असे आमचे म्हणणे. मुळात तो तेथेच होता, असे त्यांचे. नांगराचे दोन तास म्हणजे जमीन ती किती ! पण मोजणी झाली, अर्ज झाले, बोलणे बंद झाले. सात वर्षे. रविवारी मंदिरात आम्ही डाव्या बाकावर आणि दादा उजव्या बाकावर. पुढे आम्हांला रात्री झोप येईनाशी झाली. दोन-अडीच वाजता डोळे उघडायचे आणि डोक्यात तो धुरा चालू व्हायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेतल्या. त्यांचा उपयोग झाला हेही सांगून ठेवतो. ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणे नकोसे वाटते, त्याने प्रथम डॉक्टरकडे जावे. सेवाग्रामचे इस्पितळ आपल्या दाराशी आहे. औषध घेणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे.

त्याच सुमारास आम्ही आमच्या वृद्ध पाळकांकडे गेलो. हेतू असा की त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, प्रार्थना मी आज करीत नाही. तुम्ही आधी दादांकडे जाऊन या." वेदीपाशी अर्पण नेताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, ही ख्रिस्ताची आज्ञा आम्ही शाळेच्या पोरांना पंचवीस वर्षे शिकविली होती. आम्ही म्हणालो, "पण चूक त्यांची आहे." पाळक म्हणाले, "चूक कोणाची ते त्या आज्ञेत लिहिलेलं नाही." आणि चष्मा काढून पुसत बसले.

खरे सांगतो, फार राग आला. तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी, श्रद्धेने म्हणाल तर नव्हे, निव्वळ थकून गेलो. दादा गोठ्यात होते. आम्हांला पाहून उठले नाहीत. "काहून आलास ?" म्हणाले. आम्ही घरून पाठ करून आणलेले सगळे विसरलो. म्हणालो, "दादा, अर्ज मागे घेतो." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "धुरा माह्याच जागेवर हाय." आम्ही म्हणालो, "असंल." वहिनींनी आतून चहा पाठविला. साखर जास्त झाली होती.

यात चमत्कार काही झाला नाही. दादांनी गळा भेटविला नाही, धुरा आजही तेथेच आहे, आणि दोन तास आमचे आहेत असे आमचे मत आजही आहे. पण त्या रात्री आम्ही झोपलो. दुसऱ्या रात्री पुन्हा जागलो, तिसऱ्या रात्री झोपलो. असे हळूहळू झाले. काही दिवसांनी पाळकांकडे गेलो तेव्हा त्यांनी न विचारता प्रार्थना केली, तीही चार वाक्यांची.

आता विचार करतो तेव्हा वाटते, शांती मिळावी म्हणून आम्ही गेलो असतो तर ती बहुधा मिळाली नसती. आम्ही तिचा हिशेब करीत बसलो असतो, किती मिळाली, किती बाकी. आम्हांला एक काम सांगितले गेले आणि ते आम्ही, वाईट मनाने का होईना, केले. आज्ञा पाळली म्हणजे मन कसे असले पाहिजे याची चिंता सुटते; पायांनी फक्त चालत जावयाचे असते. मन मागून येते, आमचे तर बरेच मागून आले. न्यूमनचे जे इंग्रजी स्तोत्र गांधीजींना प्रिय होते आणि ज्याचे नरसिंहराव दिवेटियांनी गुजरातीत रूपांतर केले, त्यातही मागणी आहे ती एका पावलापुरत्या उजेडाची. दूरचे दिसावे असा हट्ट नाही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. इस्राएल लोकांना सातव्या दिवशी विसाव्याची जी आज्ञा होती, तीत बैलाचे नाव स्पष्ट घातलेले आहे. धन्याने तर विसावावेच, पण त्याच्या बैलानेही. आपल्याकडे पोळा वर्षातून एकदा येतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. आम्ही ख्रिस्ती शेतकरी बैलाची पूजा करीत नाही, पण वडिलांच्या वेळेपासून त्या दिवशी आमच्याकडेही जू खाली ठेवतात आणि खांदे शेकतात. वडील म्हणत, याला शास्त्राचा आधार आहे, आणि पवित्र शास्त्राचे पान काढून दाखवीत.

त्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी दादांचा मोठा मुलगा आमच्या दारात आला. आमच्याकडे तेव्हा बैलजोडी उरली नव्हती, शाळा आणि शेत दोन्ही होईना म्हणून विकली होती. तो म्हणाला, "काका, बाबांनी विचारलं, खांद शेकाले येता का ? त्यांचा हात दुखते." हात खरोखर दुखत होता की नाही ते आम्ही विचारले नाही. लोण्याची वाटी घेऊन गेलो.